घर मुलाच्या नावावर, पण सांभाळणार कोण?

प्रश्न : आम्हाला दोन मुलं. थोरली मुलगी नोकरी करते. धाकटा मुलगा २६ वर्षांचा असून बौद्धिक दिव्यांग आहे. राहतं घर आणि ठेवी आम्हा नवरा-बायकोच्या कमाईतल्या आहेत. आमच्या पश्चात घर मुलाला मिळावं, असं मृत्युपत्र केलं की पुरे का?
– एक वाचक

उत्तर : पुरणार नाही. घर त्याच्या मालकीचं होईल, पण देखभाल, बँकेचे व्यवहार, घरपट्टी हे सगळं त्याच्या वतीने कोण करणार? शिवाय त्याचा अंगठा घेऊन घर लाटणारे निघतात. म्हणून त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट करा. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे राहते आणि तिचा लाभ मुलाला मिळतो.

हयातीत घर ट्रस्टला द्यायचं तर दस्ताची नोंदणी सक्तीची आहे (भारतीय विश्वस्त अधिनियम १८८२, कलम ५) आणि मुद्रांक शुल्कही भरावं लागतं. मृत्युपत्रातूनच ट्रस्ट केला तर हे टळतं, पण मृत्युपत्रावरून वाद कोर्टात गेला की निकालापर्यंत मुलाचा खर्च अडकतो. आमच्या मते तुम्ही मधला मार्ग घ्यावा. थोडी रक्कम घालून ट्रस्ट आताच करा, त्याचं बँक खातं उघडा, आणि घर व उरलेल्या ठेवी त्या ट्रस्टला जातील असं दोघांनीही आपापल्या मृत्युपत्रात लिहा. ट्रस्टचा दस्त झाला, पण त्यात पैसे वळवलेच नाहीत, असं फार वेळा होतं. ठेवींवर मुलीचं नामनिर्देशन असेल तर बँक पैसे तिच्या हाती देईल. ते ट्रस्टकडे सोपवायचे आहेत, हे तिला आजच माहीत हवं.

विश्वस्त नेमताना सर्वांत जास्त विचार करा. मुलाच्या पश्चात उरेल ते मुलीला, आणि विश्वस्तही एकटी तीच, असं ठेवलंत तर भावावर खर्च न केलेला प्रत्येक रुपया शेवटी तिचाच होतो. ती कितीही मायेची असली तरी तिला या पेचात टाकू नका. सोबत बाहेरचा एक विश्वस्त नेमा, दोघांच्याही जागी पुढे कोण येईल ते लिहा आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यायची अट घाला. ‘मुलाची काळजी घ्यावी’ असं मोघम लिहू नका. औषधं, मदतनीस, दिवसभराचं केंद्र यांवर खर्च करण्याचा अधिकार स्पष्ट द्या. घर विकायला सर्व विश्वस्तांची लेखी संमती लागेल, असंही लिहा.

ट्रस्ट पैसे सांभाळतो, माणसाला नाही. १८ वर्षांनंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा.

प्रश्न : मृत्युपत्राची नोंदणी करावीच लागते का? साक्षीदार म्हणून मुलीची सही चालेल का?

उत्तर : नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवा, खरेपणाच्या वादात उपयोगी पडते. साक्षीदार मात्र किमान दोन हवेतच. तुम्ही सही करताना दोघांनी पाहिलेलं असावं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. मजकूर त्यांनी वाचायची गरज नाही. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, म्हणजे मुलगी नको. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान घ्या, कारण पुढे कोर्टात त्यांनाच उभं राहावं लागेल. वय झालं असेल तर मानसिक स्थिती ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच दिवशीचं जोडा. नंतर बदल करायचा झाला तर जुन्या कागदावर खाडाखोड नको; दोन साक्षीदारांसह पुरवणी मृत्युपत्र करा.