बाथरूममधला वाळा आणि मोहरीएवढे मणके

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या बाथरूमच्या जाळीतून गांडुळासारखा बारीक काळा साप निघतो, सर्पमित्र म्हणाला वाळा आहे, बिनविषारी, कुंडीत सोडून द्या. पण हा जन्मभर मातीत राहतो, मरतोही मातीतच, म्हणजे आयताच पुरलेला! मग याचे जीवाश्म ढिगाने सापडायला हवेत ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लॉजिक भारी आहे, पण मातीच तिथे घोळ घालते. बिळाभोवती मुळं, मुंग्या, वाळवी, मुरणारं पाणी असं सगळं सतत ढवळत असतं, त्यात एवढीशी हाडं कुठली टिकायला. जीवाश्म व्हायला वरून पटकन गाळ किंवा राख बसावी लागते आणि एवढं होऊनही हाती येतो तो सुटा मणका, मोहरीएवढा, हातोडी घेऊन हिंडणाऱ्याला दिसणारच नाही. मग पोतीच्या पोती माती आणायची, पाण्यात, कधी रॉकेलमध्ये भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि चाळणीत उरलेले कण वाळवून मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशने एकेक कण सरकवत बसायचं (डोळे जातात अक्षरशः). मणका मिळाला तरी पंचाईत आहेच, वाळ्यांचे मणके सगळे सारखेच, चपटे, मणक्यावरचा हाडाचा काटा जवळपास नाहीच, म्हणून बरेचदा 'वाळ्यांपैकी कुणीतरी' एवढंच लिहून गप्प बसावं लागतं.

डीएनएवरून वाळ्यांचं घराणं डायनोसॉरच्या काळाइतकं जुनं दिसतं, पण त्या काळातला पुरावा बघाल तर नावापुरता. 2020 मध्ये ब्राझीलमधून बोइपेबा नावाचा जीवाश्म वाळा जाहीर झाला तो क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळातला, आणि गंमत म्हणजे तो मीटरभराहून लांब असावा म्हणतात, आजचे बहुतेक वाळे तर वीतभर! उलट कच्छच्या पानंध्रो खाणीतल्या वासुकी नावाच्या अजस्त्र जीवाश्म सापाचे 27 मणके मिळाले, मोठ्यांचं नशीबच वेगळं.

कधीतरी लॉटरीही लागते म्हणा. अमेरिकेत वायोमिंगला 3.8 कोटी वर्षांपूर्वीचे छोटे साप बिळात एकत्र वेटोळी घालून बसलेले मिळाले, अख्खे सांगाडे. 2024 मध्ये त्यांचं नाव ठेवलं हायबर्नोफिस. पण ते वाळे नव्हेत, बोआच्या (अजगरासारख्या विळखा घालणाऱ्या सापांच्या) नात्यातले.

आणि हो, कुंड्यांमधून जगभर पोचलेला नेहमीचा वाळा असेल तर तुमच्या जाळीतून निघतो तो 'तो' नाहीच, 'ती' आहे. या जातीत सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात. मोहरीएवढ्या मणक्यावरून हे कुठलं कळायला!