हत्तीखान्यातले विमान पुन्हा उडते तेव्हा

प्रश्न : बिकानेरच्या हत्तीखान्यात सापडलेले पहिल्या महायुद्धाच्या काळातील द्विपंखी विमान इंग्लंडमध्ये पुन्हा उडाले, असे वाचले. त्याचे लाकूड वाळवीने खाल्ले होते म्हणतात. लाकूड नवे आणि कापडही नवे असेल, तर ते जुनेच विमान कसे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण ज्याविषयी वाचले, ते विमान ‘डीएच-9’ या ब्रिटिश बॉम्बफेकी जातीचे आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटनने शिल्लक विमाने साम्राज्यातील देशांना भेट दिली. भारताच्या वाट्याला आलेल्यांपैकी काही महाराजा गंगासिंहांच्या बिकानेरला पोहोचली आणि पुढे कित्येक दशके हत्तींच्या सामानासोबत पडून राहिली. तेथून इंग्लंडला गेलेल्यांपैकी ‘ई-8894’ क्रमांकाचे विमान मे 2019 मध्ये डक्सफर्ड येथे उडाले. त्या वेळी उडू शकणारे दुसरे डीएच-9 जगात नव्हते.

आता मूळ शंका. या विमानाचा सांगाडा लाकडाचा, पुढचा भाग प्लायवूडने मढवलेला, पंखांवर ताणलेले लिननचे कापड आणि त्यावर ‘डोप’ नावाचा रोगणासारखा लेप, अशी सारी रचना होती. अशा विमानाचे कापड आणि लाकडी भाग सेवेत असतानाही बदलले जात. अपघातानंतर एकाचा पंख दुसऱ्याला बसवणे त्या काळी नवलाचे नव्हते. त्यामुळे विमानाची ओळख लाकडावर नव्हे, तर क्रमांक, नोंदी आणि शिल्लक राहिलेले धातूचे भाग यांवर ठरवली जाते. वाळवीला पोलाद पचत नाही, हे येथे कामी आले. सांध्यांवरचे धातूचे तुकडे हाताशी असले, की दांडे कोठे आणि कोणत्या कोनात जुळत होते, हे मूळ आराखड्यांशी ताडून पाहता येते. म्हणून मी तरी त्याला तेच विमान म्हणेन, प्रतिकृती नव्हे. मात्र ‘संपूर्ण मूळचे’ असे कोणी म्हटले, तर ती अतिशयोक्ती ठरेल.

खरी कसोटी इंजिनाची. डीएच-9 ला बसवलेले ‘प्यूमा’ इंजिन 300 अश्वशक्तीचे व्हावे, अशी मूळ अपेक्षा होती. परंतु त्याच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडर-ठोकळ्यांचे ओतकाम सदोष निघत असल्याने ते 230 अश्वशक्तीवर आणावे लागले आणि ज्या आधीच्या ‘डीएच-4’ विमानाची जागा घ्यायची, त्याच्याहूनही हे विमान कमी कर्तबगार ठरले. म्हणजे पुन्हा उडवताना दुरुस्ती करणाऱ्यांपुढे केवळ जीर्ण झालेले नव्हे, तर नवे असतानाच बदनाम झालेले इंजिन होते. सौंदर्याच्या दृष्टीने पंखांची चर्चा अधिक होते, पण वैमानिकाचा जीव प्रथम या ठोकळ्यांवर अवलंबून असतो.

प्रश्न : इतके भाग बदलण्यापेक्षा ते संग्रहालयात जसेच्या तसे ठेवणे योग्य नव्हते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बिकानेरच्याच साठ्यातील दुसरे विमान, ‘डी-5649’, डक्सफर्डच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये स्थिर स्वरूपात आहे. ते वॉरिंग अँड गिलो या फर्निचर बनवणाऱ्या कंपनीने बांधले होते. युद्धकाळात सुतारांचे हात किती लांब पोहोचले होते, हे त्यातून कळते. उडणाऱ्या विमानात शंकास्पद भाग ठेवता येत नाही, तो मूळचा असला तरी काढावाच लागतो. स्थिर विमानात मात्र त्याला वजन पेलायचे नसल्याने तो जपता येतो. त्यामुळे दोन्ही मार्गांत काहीतरी गमावले जाते आणि एकाहून अधिक विमाने हाती असतील, तेव्हाच अशी विभागणी करणे परवडते. या प्रकरणात ती विभागणी झाली, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. एकच विमान उरले असते, तर मी ते उडवण्याच्या बाजूने मत दिले नसते. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल, तर बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यातही एक डीएच-9 आजही प्रदर्शनात आहे.