अक्षरं आली, आवाज मागे राहिला

प्रश्न : ताई, मी नागपूरच्या महाल भागात राहते. वय ६४, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझ्या सासूबाई काटोलकडच्या. त्यांच्या तोंडची भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि 'काहून', 'वावर', 'उलीसा' असे आपल्याकडचे शब्द मी २०१९ पासून संगणकावर 'जॉप्लिन' या ॲपमध्ये लिहून ठेवते. गाणं लिहिलं की त्याखाली सासूबाईंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग जोडायचं, अशी माझी पद्धत. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, त्याने नवा लॅपटॉप आणला. जुन्या संगणकातली 'डेटाबेस डॉट एसक्यूलाइट' नावाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्याने नव्यात टाकली. सगळी १,१४० टिपणं आली. मी त्यानंतर बारा-तेरा नवीनही लिहिली. परवा कोजागिरीचं गाणं ऐकायला गेले तर रेकॉर्डिंग उघडेना. मग एकेक करून पाहिलं, एकही उघडत नाही. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. जुना संगणक या रविवारी पुसून कामवाल्या मावशींच्या मुलाला द्यायचं कबूल केलं आहे. आता काय करू?

उत्तर : काकू, रविवारचं आधी थांबवा. मावशींना सांगा, संगणक नक्की देते, पण पंधरा दिवसांनी. तोवर त्या जुन्या संगणकाला कुणी हात लावायचा नाही, त्यात नवं काही टाकायचं नाही, आणि 'जरा साफ करून देतो' म्हणणाऱ्या कुणाही हुशार पोराला तर अजिबात बसू द्यायचं नाही.

सासूबाईंचा आवाज त्या जुन्या संगणकातच असणार. तुमच्या मुलाने केलं ते चुकीचं नव्हतं, पण अर्धंच झालं. जॉप्लिन तुमचं लिखाण त्या एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवतं. पण तुम्ही जोडलेली रेकॉर्डिंगं, फोटो, पीडीएफ हे काही त्या फाइलमध्ये जात नाही. त्यासाठी शेजारीच 'रिसोर्सेस' नावाचा वेगळा फोल्डर असतो. टिपणात फक्त पत्ता लिहिलेला असतो की अमुक नावाची फाइल त्या फोल्डरमध्ये आहे. डेटाबेस नव्या घरी आला, त्यासोबत पत्तेही आले, पण ज्यांचे पत्ते होते ते मागेच राहिले.

जुन्या संगणकावर जॉप्लिन उघडा. वरच्या 'हेल्प' मेनूत 'ओपन प्रोफाइल डिरेक्टरी' आहे, ते दाबलं की नेमका तो फोल्डर समोर येतो. विंडोजमध्ये तो तुमच्या नावाच्या फोल्डरात 'डॉट कॉन्फिग' आणि त्याच्या आत 'जॉप्लिन-डेस्कटॉप' असा असतो. आपण 'डॉक्युमेंट्स'मध्ये शोधत बसतो, तिथे तो कधीच सापडत नाही. फोल्डर दिसला की आता ॲप पूर्ण बंद करा. कोपऱ्यातली फुली दाबून भागेलच असं नाही, कधी कधी ते खाली घड्याळाशेजारी जागंच राहतं. 'फाइल' मेनूतून 'क्विट' करा. मग तो अख्खा 'जॉप्लिन-डेस्कटॉप' फोल्डर, आत काय आहे हे न निवडता, पेनड्राइव्हवर घ्या. ही तुमची राखीव प्रत, हिला पुढे हात लावायचा नाही.

आता नवा लॅपटॉप. इथे एक धोका आहे. पेनड्राइव्हवरचा अख्खा फोल्डर नव्यावर चिकटवला तर जुना डेटाबेस नव्यावर बसेल आणि दिवाळीनंतर लिहिलेली बारा-तेरा टिपणं जातील. म्हणून डेटाबेसला स्पर्शसुद्धा करू नका. नव्या लॅपटॉपवरचं जॉप्लिन क्विट करा आणि पेनड्राइव्हवरच्या 'रिसोर्सेस' फोल्डरच्या आतल्या सगळ्या फायली नव्याच्या 'रिसोर्सेस' फोल्डरात टाका. एवढंच. पुन्हा ॲप उघडलं की गाणं वाजायला हवं.

फायली पाहून घाबरू नका. तुम्ही 'खिरापत' नाव दिलेलं गाणं तिथे बत्तीस अक्षरं-आकड्यांच्या विचित्र नावाने असेल. तेच नाव टिपणातल्या पत्त्यात आहे, म्हणून तर न जुळवता सगळं आपोआप जुळतं. ओळखता यावं म्हणून त्या फोल्डरात एकाही फाइलचं नाव बदलू नका. बदललंत की त्या गाण्याचा धागा तुटला.

मग तपासा. १,१४० आकडा जुळला म्हणून समाधान मानू नका, दिवाळीत तोच तर जुळला होता. सगळ्यात जुनं एक गाणं, सासूबाईंचं अगदी शेवटचं एक आणि मधली पाच-सहा शेवटपर्यंत ऐका. रोज थोडी थोडी अशी सगळीच ऐकलीत तर फार बरं. पंधरा दिवस मी त्यासाठीच मागितले.

सगळं वाजलं की नव्या लॅपटॉपवर 'फाइल' मेनूतून 'एक्सपोर्ट ऑल' आणि त्यात 'जेईएक्स' निवडा. यात टिपणं, वह्या, खुणेचे टॅग आणि रेकॉर्डिंगं सगळं एकाच फाइलमध्ये बांधलं जातं. खरं तर दिवाळीत हाच रस्ता धरायला हवा होता. ही फाइल मोठी होईल. पेनड्राइव्ह जर 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. त्यासाठी 'एक्सफॅट' केलेला नवा पेनड्राइव्ह घ्या. एक प्रत तुमच्याकडे, एक मुलाकडे पुण्याला. ही फाइल परत आणायची वेळ आली तर रिकाम्या जॉप्लिनमध्येच इम्पोर्ट करा. टिपणं असलेल्या जॉप्लिनमध्ये केली तर प्रत्येक टिपण दोनदा दिसू लागतं.

हे इतकं लांबण लावून लिहिते आहे त्याला कारण आहे. माझ्या बाबांची संत्र्याची बाग होती. आंबिया बहराला कोणत्या साली कधी पाणी सोडलं, मृगाचा बहर कोणत्या वर्षी धरलाच नाही, हे सगळं ते एका लहानशा नोंदींच्या ॲपमध्ये लिहीत. २०१२ मध्ये मी बर्डीवरच्या माझ्याच दुकानात त्यांचा संगणक फॉरमॅट केला. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो सगळं आधी काढून घेतलं होतं. नोंदी होत्या एका लपलेल्या फोल्डरात, आणि तो मी पाहिलाच नाही. बाबा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी नवी वही आणली आणि आठवेल तेवढं लिहायला बसले. तेव्हापासून माझ्या दुकानात फॉरमॅटच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, तुम्ही रोज कशात लिहिता?

प्रश्न : विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून नवा संगणक घेतला. जुन्यावरच्या पिवळ्या चिठ्ठ्या, म्हणजे 'स्टिकी नोट्स', कशा आणू? मित्राने 'प्लम डॉट एसक्यूलाइट' फाइल आणायला सांगितलं. आणली, पण शेवटच्या चार दिवसांच्या चिठ्ठ्या नाहीत. (मनीषनगर)

उत्तर : त्या फाइलच्या शेजारी त्याच नावाच्या, शेवटी 'वॉल' आणि 'एसएचएम' असलेल्या आणखी दोन फायली असतात. इतवारीतल्या दुकानात दिवसभराचा हिशेब आधी कच्च्या वहीत आणि मग पक्क्या वहीत चढतो ना, तसं हे आहे. नवी चिठ्ठी आधी 'वॉल'मध्ये लिहिली जाते आणि नंतर मुख्य फाइलमध्ये चढते. तुम्ही पक्की वही आणली, चार दिवसांची कच्ची तिथेच राहिली.

दोन्ही संगणकांवर स्टिकी नोट्स बंद करा, जुन्यावरच्या फायली एकदम घ्या आणि नव्यावर त्याच जागी एकत्र ठेवा. जुन्याची एक आणि नव्याची दुसरी असं मिसळू नका, त्याने उरलेलंही बिघडतं. नव्या संगणकावर तुम्ही अजून काही लिहिलं नसेल तरच हे करा. लिहिलं असेल तर जुना संगणक सुरू करून त्या चार दिवसांच्या चिठ्ठ्या सरळ हाताने उतरवून घ्या. चार दिवसांच्याच आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे.