नरतुरंगापासून सुरुवात कर

नवी दुर्बीण घेतलीस, तर आधी देवयानी दीर्घिकेच्या मागे लागू नकोस. गोवा १५ अंश अक्षांशावर असल्याने दक्षिणेचा नरतुरंग (सेंटॉरस) हा तारकासमूह आपल्याला चांगला वर दिसतो; युरोपातल्या बहुतेकांना त्याचे हे वैभव दिसतच नाही.

मेच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा हा तारा बरोबर दक्षिणेला येतो. तिथून सरळ खाली, हात लांब करून साडेतीन मुठी मोज. तिथला धूसर ठिपका म्हणजे ओमेगा सेंटॉरी. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने त्याला तारा म्हणून नोंदवले होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅलीने १६७७ मध्ये तो तारा नसल्याचे ओळखले. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवर जवळपास एक कोटी ताऱ्यांचा हा गोल गुच्छ! १०×५० च्या (दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगांच्या) दुर्बिणीत तो सांडलेल्या रव्यासारखा दिसतो, आणि इतके सुंदर दुसरे काही मला तरी ठाऊक नाही.

त्याच्या साडेचार अंश वर एनजीसी ५१२८ ही दीर्घिका, सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. ती फिकट आहे, घाई करू नकोस. मधला धुळीचा पट्टा पाहायला मात्र मोठा टेलिस्कोपच हवा.

मडगावच्या उजेडापासून दूर, काणकोणच्या बाजूला अमावास्येच्या आसपास जा. समुद्राकाठी भिंगावर दमट हवा बसते, सुती फडके जवळ ठेव. आणि हे सगळे जूनचा पाऊस लागण्याआधीच.