टिनमधला टोमॅटो: अख्खा, प्युरी की पेस्ट?

प्रश्न: टिनमधला टोमॅटो घेताना दरवेळी गोंधळ उडतो, अख्खे सोललेले, तुकडे, प्युरी, पेस्ट... टिनच्या मागचा पोषणमूल्यांचा तक्ता वाचला तर पेस्टमध्ये सगळंच भरपूर दिसतं. मग पेस्टच सगळ्यात पौष्टिक ना? की ताज्या टोमॅटोपुढे हे सगळं बादच धरायचं?

उत्तर: तक्ता खोटा नाहीये, पण तो 100 ग्रॅमचा असतो आणि 100 ग्रॅम पेस्ट एका वेळी खातंय कोण! टोमॅटोत 94-95 टक्के पाणीच असतं, पेस्ट म्हणजे त्यातलं बरंचसं पाणी आटवलेलं, त्यामुळे आकडे फुगतात. साधा हिशोब करून बघा. बिनमिठाच्या 100 ग्रॅम पेस्टमध्ये पोटॅशियम साधारण 1000 मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व 22 च्या आसपास. आता त्यात साडेतीनशे ग्रॅम पाणी घाला, म्हणजे ती पुन्हा टोमॅटोच्या रसाइतकी पातळ होईल, मग दर 100 ग्रॅमला पोटॅशियम येतं सव्वादोनशे, जवळपास ताज्याइतकंच, पण क जीवनसत्त्व उरतं जेमतेम 5, ताज्यात ते 14 च्या घरात असतं. म्हणजे खनिजं कुठे जात नाहीत, उष्णतेने मार खातं ते क जीवनसत्त्व.

लायकोपिनचं मात्र उलटं आहे. टोमॅटोला लाल रंग देणारं हे द्रव्य शिजवल्यावर पेशींतून मोकळं होतं आणि शरीराला जास्त मिळतं, सोबत थोडं तेल असेल तर अजूनच चांगलं, कारण ते तेलात विरघळतं. इथे प्युरी-पेस्ट कच्च्या टोमॅटोला सरळ मागे टाकतात, त्यामुळे बाद वगैरे काही धरू नका.

तुकड्यांच्या टिनमध्ये बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड (यादीत 509) असतं, तुकडे मऊ पडू नयेत म्हणून. त्याने कॅल्शियम थोडं वाढतं, पण तेवढ्यासाठी घेण्यात काही अर्थ नाही आणि सॉस करायचा असेल तर ते तुकडे लवकर गळतच नाहीत, वैताग येतो. अख्खे टोमॅटो घेतलेत तर सोबतचा रस ओतून देऊ नका, विरघळलेलं बरंच काही त्यातच असतं.

माझ्या मते खरा फरक मिठाचा. बिनमिठाच्या पेस्टमध्ये 100 ग्रॅमला सोडियम 60 मिलिग्रॅमच्या आसपास, मीठवालीत तेच आठशेपर्यंत जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरात 2000 च्या आत राहा. तेव्हा आधी घटकांची यादी वाचा, तक्ता नंतर. आणि केचप या स्पर्धेत धरूच नका, एका मोठ्या चमच्यात जवळपास चहाचा चमचाभर साखर असते!

प्रश्न: किडनीच्या त्रासामुळे वडिलांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय. त्यांच्यासाठी बिनमिठाचा टिन चालेल ना?

उत्तर: मीठ काढलं म्हणून पोटॅशियम कमी होत नाही हो, ते टोमॅटोतलंच असतं. एका मोठ्या चमचाभर पेस्टमध्येच दीडशेच्या वर मिलिग्रॅम येतं, तेव्हा किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. आणखी एक, 'कमी सोडियम' लिहिलेल्या काही टिनमध्ये मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, यादीत ते नाव किंवा 508 दिसलं तर तो टिन त्यांच्यासाठी घेऊ नका.