पोटरीतला गोळा आणि बिनऔषधाची गोळी

प्रश्न : वय 54, एसटीत वाहक आहे. मधुमेह, रक्तदाब काही नाही. पण आठवड्यातून चार-पाच रात्री पोटरीत असा गोळा येतो की ओरडत उठतो. आमच्या इथल्या एका डॉक्टरांनी विचारलं, निरोगी माणसांच्या पायातल्या गोळ्यांवर एका औषधाची चाचणी होणार आहे, नाव देता का? त्यात निम्म्या लोकांना खोटी गोळी देणार म्हणे. मग माझा काय फायदा? बायको तर म्हणते, ‘तुम्ही काय उंदीर आहात का?’
– एक वाचक, कराड

उत्तर : वहिनींच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी खोट्या गोळीचं बघू.

पायातले गोळे आपणहून वाढतात आणि आपणहून कमीही होतात. माणूस चाचणीत नाव घालतो तो त्रास शिगेला पोचल्यावर. पुढच्या महिन्यात तो बहुधा उतरतोच, औषध घ्या किंवा घेऊ नका. इस्रायलमधल्या एका चाचणीचा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला. 94 जणांपैकी काहींना रोज रात्री मॅग्नेशियम ऑक्साइड, बाकीच्यांना हुबेहूब तसंच दिसणारं बिनऔषधाचं. चार आठवड्यांत मॅग्नेशियमवाल्यांचे गोळे आठवड्याला सरासरी तीनेकांनी कमी झाले. आणि दुसऱ्या गटाचे? त्यांचेही जवळजवळ तेवढेच! तो गट नसता तर मॅग्नेशियमचा डंका वाजला असता. (आपल्याकडे तो तरीही वाजतोच म्हणा.)

क्विनाइन या मलेरियावरच्या जुन्या औषधाचं उलटं. त्याने गोळे थोडेफार कमी होतात, हे अशाच चाचण्यांतून दिसलं. पण क्वचित एखाद्याच्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) धोकादायक घसरतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने) 1994 साली या त्रासासाठी चिठ्ठीविना मिळणाऱ्या क्विनाइनवर बंदी घातली. कुणी सुचवलं तरी तुम्ही ते घेऊ नका. 2024 साली चीनमधल्या चाचणीत के-2 जीवनसत्त्वाने गोळे बरेच कमी झाले, पण ती सगळी माणसं 65 च्या पुढची होती, आणि एका चाचणीवर मी तरी कुणाला गोळी लिहून देणार नाही.

निरोगीच का हवेत? मूत्रपिंडाच्या आजारात, गरोदरपणात गोळ्यांमागे वेगळी कारणं असतात. ती सरमिसळ झाली की औषधाने काय केलं ते कळत नाही. तुमच्याकडून मुख्य काम हवं ते नोंदीचं : रात्री किती गोळे, किती वेळ, किती जोराचे. तिकिटांचा हिशेब चोख ठेवणाऱ्याला ते जड नाही.

आता वहिनी. उंदरांची पाळी आधीच होऊन गेलेली असते. भारतात 2019 च्या नियमांनुसार तुम्हाला कळेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावं लागतं, चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत व भरपाईही. सही करण्याआधी सीटीआरआय (चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि चाचणीला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीचं नाव मागा. मिळालं नाही तर उठून या. फायदा होईलच, असं मात्र कुणी सांगू शकत नाही. जो छातीठोक सांगेल त्याच्याकडे जाऊच नका.

तोवर रात्री गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा हाताने स्वतःकडे ओढा. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखतच राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ती रक्ताची गुठळी असू शकते.