फुकटचा कॉम्प्रेसर आणि पाइपांत उरलेले आम्ल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातील हीट पंप (घर थंड आणि गरम दोन्ही करणारी एसीसारखी यंत्रणा) 9 वर्षांचा असून त्याचा कॉम्प्रेसर जळाला आहे आणि तंत्रज्ञाने तेलाची चाचणी घेऊन त्यात आम्ल असल्याचे सांगितले आहे. कॉम्प्रेसरवर 10 वर्षांची वॉरंटी असल्यामुळे तो भाग विनामूल्य मिळेल, मात्र मजुरी, गॅस आणि इतर साहित्याचा खर्च आपल्याला करावा लागेल. नव्या यंत्रणेचा खर्च 100 धरला, तर नुसता कॉम्प्रेसर बदलण्यास 26 आणि पाइपांतील आम्ल व गाळ काढणाऱ्या संपूर्ण शुद्धीकरणासह बदलण्यास 38 लागतात. आपला आपत्कालीन निधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका आहे आणि नवी यंत्रणा घेतल्यास त्यातील चार महिन्यांची रक्कम संपते. आपला कल 26 च्या पर्यायाकडे आहे, कारण ‘कॉम्प्रेसर तर नवाच येणार आहे’.

माझे मत असे की या तिन्हींपैकी 26 चा पर्याय आपण घेऊ नये. कॉम्प्रेसर नवा असेल, पण ज्या बंद वर्तुळात तो बसणार आहे ते जुनेच राहील आणि पहिला कॉम्प्रेसर जळताना तयार झालेली घाण त्याच वर्तुळात असेल.

या कॉम्प्रेसरची मोटर गॅस आणि तेलाच्या सान्निध्यातच फिरते. वाइंडिंगचे, म्हणजे मोटरमधील तारांच्या गुंडाळीचे आवरण जळून ठिणगी पडली की त्या उष्णतेने गॅसचे विघटन होते. आपल्या यंत्रणेत आर-410ए हा फ्लोरीनयुक्त गॅस आहे, त्यामुळे त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. या गॅससोबत वापरले जाणारे पॉलिओल एस्टर तेल ओलावा चटकन शोषते आणि पाण्याशी संयोग झाला की त्याचेही पुन्हा आम्ल व अल्कोहोल बनते. हे आम्ल नव्या वाइंडिंगचे आवरण खाऊ लागते आणि पाइपांतील तांबे विरघळवून बेअरिंगवर त्याचा थर चढवते. एका ग्राहकाकडे जळालेल्या कॉम्प्रेसरमधून काढलेले तेल मी काचेच्या बाटलीत पाहिले आहे. ते काळपट झाले होते, झाकण उघडताच नाकाला झोंबणारा करपट वास आला आणि तळाशी बारीक गाळ बसला होता. त्या बाटलीतले तेल बाहेर निघाले होते, पण त्याच तेलाचा एक भाग पाइपांत आणि ॲक्युम्युलेटरच्या (कॉम्प्रेसरच्या आधी द्रव अडवून ठेवणाऱ्या टाकीच्या) तळाशी उरलेला असतो, हे तिथे नजरेला पडत नाही.

आता हिशेब पाहू. वाचलेली रक्कम वार्षिक 6 टक्के परताव्यावर ठेवली आणि नव्या यंत्रणेचे आयुष्य 15 वर्षे धरले, तर 38 खर्चून उरलेले 62 तीन वर्षांत सुमारे 74 आणि चार वर्षांत सुमारे 78 होतात. तिसऱ्या वर्षाअखेर यंत्रणा बंद पडली तर नवी घेण्यासाठी 26 कमी पडतील. आजच नवी घेतली असती तर त्या तीन वर्षांत तिच्या किमतीपैकी 20 च झिजले असते, म्हणजे आपण तोट्यात राहिलात. चार वर्षे चालली तर कमी पडणारी रक्कम 22 आणि झीज 27, म्हणजे दुरुस्ती फायद्याची ठरली. केवळ कॉम्प्रेसर बदलण्याच्या पर्यायाला हाच नियम लावला, तर ती दुरुस्ती दोन ते तीन वर्षांच्या मध्ये कधीतरी फायद्यात येते. म्हणजे 12 वाचवून आपण दुरुस्ती फायद्यात येण्याची रेषा जेमतेम वर्षभर अलीकडे आणता, पण तिथवर पोहोचण्याची शक्यताच आम्लामुळे मोठ्या प्रमाणात घालवून बसता. शिवाय बदललेल्या भागाला बऱ्याचदा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो आणि आपल्याकडे तो एकच वर्ष आहे. दुसरा कॉम्प्रेसर त्यानंतर जळाला, तर त्याची किंमतही आपल्याच माथी येईल. हे कलम आजच लेखी तपासून घ्या.

नव्या यंत्रणेची वीजबचत आणि पुढील किंमतवाढ मी या हिशेबात धरलेली नाही. ती धरल्यास पारडे नव्याकडे थोडे झुकते. तरीही निधीतील चार महिने एकदम रिकामे करणे किंवा 6 टक्क्यांहून महाग व्याजाचे हप्ते अंगावर घेणे मला आपल्या परिस्थितीत योग्य वाटत नाही. 38 च्या पर्यायात निधीतून साधारण दीड महिन्याचीच रक्कम जाते.

मात्र 38 मध्ये काय काय येते, ते अंदाजपत्रकात स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका. दूषित गॅस हवेत न सोडता काढून घेणे, ॲक्युम्युलेटर आणि लिक्विड लाइनचा (द्रवरूप गॅस नेणाऱ्या पाइपचा) ड्रायर, म्हणजे ओलावा शोषणारी गाळणी बदलणे, जोडकाम करताना पाइपांतून नायट्रोजन वाहता ठेवणे, व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या (पाइपांत उरलेल्या दाबाचे माप) खाली नेऊन पंप बंद केल्यावर तो टिकतो का हे पाहणे, एवढे त्यात हवेच. जळक्या यंत्रणेसाठीचा सक्शन ड्रायर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसच्या पाइपवरची गाळणी) रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसची दिशा उलटवणारी झडप, आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये बसायला हवा, कारण हीट पंपात इतरत्र गॅसची दिशा उलटत असते. काम झाल्यावर तो काढून टाकायचा असतो. केवळ आम्ल मारणारे द्रव्य ओतून भागवतो असे कोणी म्हणाले तर नकार द्या. त्याने गाळ निघत नाही.

मोटर का जळाली, हेही त्यांनी सांगितले पाहिजे. गळतीमुळे गॅस कमी झाला असेल, तर मोटरला थंड ठेवणारा परतीचा प्रवाहच अपुरा पडतो आणि ते कारण तसेच राहिले तर शुद्धीकरणावरचे पैसेही वाया जातील. गळती कॉइलमध्येच (युनिटमधील उष्णता घेणाऱ्या-सोडणाऱ्या नळ्यांत) निघाली, तर मात्र मी माझा सल्ला बदलेन. तेव्हा नवी यंत्रणा घ्यावी, पण आतले आणि बाहेरचे युनिट दोन्ही, आणि जुने पाइप ठेवायचे असतील तर ते धुऊनच. नुसते बाहेरचे युनिट बदलले तर आम्ल त्यालाही भेटेल.

देयकाचे दोन भाग करून घ्यावेत. यंत्रणा दोन-तीन दिवस चालल्यावर तेलाची आम्लचाचणी पुन्हा व्हावी, आम्ल आढळले तर ड्रायर बदलून पुन्हा चाचणी व्हावी आणि तेल स्वच्छ निघाल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. ही अट ज्या तंत्रज्ञाला मान्य असेल, त्याचे अंदाजपत्रक 38 ऐवजी 41 असले तरी मी आपल्या जागी त्यालाच काम देईन.